ओरखडा, टवका, तडा

घर बदललं, घरात तान्हं बाळ आलं किंवा मासे एकापाठोपाठ एक मेले, की फिश टँक विकायला निघतो. तीन फुटी टँक, खाली लोखंडी स्टँड, वर झाकण, झाकणात लाइट आणि शिवाय ‘फिल्टर फ्री’. किंमत नव्याच्या निम्म्याहूनही कमी. जाऊन बघावं तर समोरच्या काचेवर ओरखडे असतात, वरच्या काठाचा टवका उडालेला असतो, एका कोपऱ्यातलं सिलिकोन पिवळं पडून कडेने सुटू लागलेलं असतं. विकणारा म्हणतो, “साहेब, एवढंसं तर आहे. पाणी भरलं की दिसणारसुद्धा नाही. सहा वर्षं वापरलाय, थेंब गळला नाही.”

बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. सहा वर्षं थेंब गळला नसेलही. पण काच ही वस्तू अशी विलक्षण आहे, की सहा वर्षांच्या चांगल्या वागण्यावरून ती सातव्या वर्षी कशी वागेल हे सांगता येत नाही. असं का होतं हे शोधण्यात चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांची हयात गेली. ते समजून घेतलं, की बाजारात उभं राहून ‘घ्यावा की सोडावा’ हे ठरवणं बरंच सोपं जातं.

आधी पाण्याकडे बघू. टँक ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच धरा. काठोकाठ भरला तर त्यात १८२ लिटर पाणी मावतं, म्हणजे १८२ किलो. काच, रेती, दगड धरून सव्वादोनशे किलोंच्या पुढे. हा आकडा ऐकून माणसं दचकतात, पण तो भार स्टँडने आणि जमिनीने पेलायचा असतो. समोरच्या उभ्या काचेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तिच्यावरचा दाब ठरतो फक्त पाण्याच्या खोलीवरून. तळाशी हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४५ ग्रॅम, पृष्ठभागाशी शून्य, सरासरी साडेबावीस. त्याला काचेच्या क्षेत्रफळाने गुणलं की उत्तर येतं सुमारे ९१ किलो. एक भरभक्कम माणूस चोवीस तास, वर्षानुवर्षं, त्या काचेला आतून ढकलत उभा आहे.

आता यातली गंमत. टँक ४५ सेंटिमीटर रुंद आहे म्हणून ९१ किलो आले, असं नाही. तो बोटभर रुंद असता तरी ९१ किलोच. काचेच्या मागे अख्खा अरबी समुद्र उभा केला आणि खोली तेवढीच ठेवली, तरी समुद्राचं पाणी किंचित जड म्हणून दोनअडीच किलो वाढतील, बस्स. नेदरलँड्सच्या सायमन स्टेव्हिनने हे १५८६ साली लिहून ठेवलं, तेव्हा लोकांना ते पटायला जड गेलं. आजही जातं. ‘मोठा टँक जास्त धोक्याचा’ असं आपण सहज म्हणतो, पण काचेच्या दृष्टीने ‘उंच टँक जास्त धोक्याचा’ हे खरं. तीन फूट लांबीचाच टँक ३० सेंटिमीटर उंच असेल तर समोरच्या काचेवर सुमारे ४० किलो येतात. उंची दुप्पट करून ६० केली की ते १६२ होतात. उंची दुप्पट, जोर चौपट.

यातून एक कामाची गोष्ट निघते. टँक अर्धा भरला, तर पुऱ्या जोराच्या फक्त चौथा हिस्सा काचेवर येतो. उलट, वरचे शेवटचे पाच सेंटिमीटर भरताना एक पंचमांशाहून जास्त जोर वाढतो. म्हणून “अर्धा भरून बघितला, काही झालं नाही” या वाक्याला काडीचा अर्थ नाही. आणि म्हणूनच जुना टँक वापरायचाच असेल तर पाण्याची पातळी काठापासून चार बोटं खाली ठेवणं ही फार स्वस्तातली चैन आहे.

पाण्याने ढकललं की काच बाहेरच्या बाजूला फुगते. डोळ्यांना जेमतेम कळेल इतकी, पण फुगते. फुगताना तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दाबला जातो. काच दाबाला वाघ आणि ताणाला शेळी. त्यामुळे काचेच्या मधल्या भागात आतून पडलेला ओरखडा दिसायला कितीही वाईट असला, त्यात हिरवं शेवाळ बसून तो उठून दिसत असला, तरी तो दाबाच्या बाजूला आहे. त्याच जागी बाहेरून पडलेला बारीक, खोल चरा मात्र ताणाच्या बाजूला असतो. खरेदीला गेलेली माणसं आतले ओरखडे न्याहाळून भाव पाडतात आणि बाहेरून पडलेल्या चऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बाहेरच्या काचेवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो नुसता डाग किंवा वरवरची खरड आहे. नख अडखळलं तर थांबून विचार करायचा.

पण एवढ्याशा चऱ्याने असं काय बिघडतं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांच्या पोलादी पत्र्यांना चौकोनी झरोक्यांच्या कोपऱ्यांपासून तडे जात. १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने गणिताने दाखवलं, की भोकाच्या किंवा खाचेच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. खाच जितकी खोल आणि टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथला ताण जास्त. पुढे फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथने हाच प्रश्न काचेला विचारला. त्याने काच तापवून तिचे धागे ओढले आणि ते तुटेपर्यंत ताणले. एक मिलिमीटर जाडीच्या धाग्यापेक्षा केसाहूनही कितीतरी बारीक असलेला धागा, त्याच्या जाडीच्या मानाने, जवळपास वीसपट मजबूत निघाला. ताजा ओढलेला धागा काही तास ठेवला की त्याची ताकद घटते, हेही त्याला दिसलं. १९२१ साली छापून आलेल्या निबंधात त्याने निष्कर्ष काढला: काच मुळात प्रचंड ताकदवान आहे. तिला दुबळं करतात ते तिच्या अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे. बारीक धाग्यावर मोठ्या तड्याला जागाच नसते.

कापडवाला तागा हातात घेऊन काठाला कात्रीने एवढीशी खाच देतो आणि मग टर्रकन सरळ फाडत नेतो, ते आठवा. खाच नसेल तर तेच कापड दोन माणसांनी ओढूनही फाटत नाही. काचवाला तरी दुसरं काय करतो? हिऱ्याच्या कणीने किंवा छोट्या चाकाने एक रेघ ओढतो, हलकेच दाब देतो आणि आठ मिलिमीटरची काच रेघेवर निमूट तुटते. म्हणजे टँकच्या बाहेरच्या बाजूला पडलेला खोल चरा हा काचवाल्याने अर्धवट सोडलेल्या कामासारखाच असतो. उरलेला दाब द्यायला आत ९१ किलो तयार आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चरा सहा वर्षं होता, काच सहा वर्षं टिकली. मग आज का तुटेल? याचं उत्तर पाण्यात आहे, आणि मला तर ते थक्क करतं.

काचेचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचा. सिलिकॉन, ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, अशी जाळी. तड्याच्या अगदी टोकाशी या जाळीतला एखादा बंध ताणलेल्या अवस्थेत असतो. ताण पुरेसा नसेल तर तो आपणहून तुटत नाही. पण पाण्याचा एक रेणू तिथपर्यंत पोचला, की तो त्या ताणलेल्या बंधात शिरतो, बंध मोडतो आणि दोन्ही तुटक्या टोकांना आपले तुकडे चिकटवून देतो. तडा एका बंधाने पुढे सरकतो. मग पुढचा रेणू, पुढचा बंध. अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शेल्डन वीडरहॉर्नने १९६७ साली हा वेग मोजून दाखवला: हवेत दमटपणा जितका जास्त, तितका तडा वेगाने सरकतो. म्हणजे जे पाणी काचेला बाहेर ढकलतं, तेच तड्याच्या टोकाशी एकेक टाका उसवतही असतं. बाहेरचा चरा आतल्या पाण्यापासून लांब आहे म्हणावं, तर आपल्याकडच्या पावसाळी हवेतली वाफ त्याला पुरते.

समजा, तडा सेकंदाला एक नॅनोमीटर सरकतोय. असे वेग प्रयोगशाळेत मोजले गेले आहेत. दिवसभरात तो मिलिमीटरचा दहावा हिस्साही पुढे जात नाही. पुसताना कळणार नाही, फोटो काढले तरी कळणार नाही. पण वर्षभरात तो तीन सेंटिमीटर गेलेला असतो. तडा लांबला की टोकाशी ताण वाढतो, ताण वाढला की वेग वाढतो, आणि एक क्षण असा येतो की पाण्याच्या मदतीची गरजच उरत नाही. मग तो सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. ९० सेंटिमीटरची काच पार करायला त्याला एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. रात्री अडीच वाजता धाडकन आवाज होतो आणि घरचे म्हणतात, “काही कारण नसताना फुटला हो!”

इमारतींना काचा लावणाऱ्या अभियंत्यांना हे पाठ असतं. वाऱ्याच्या झोताचा क्षणभराचा भार जी काच सहज पेलते, तिच्यावर कायमचा भार टाकायचा झाला तर तिची ताकद साधारण एक तृतीयांशच धरायची, असा त्यांचा हिशेब. फिश टँकमधलं पाणी हा कायमचा भार. तेव्हा दुकानदाराने काचेवर टिचकी मारून, मूठ आपटून दाखवलेली मजबुती ही वेगळ्याच परीक्षेतले मार्क आहेत.

आता टवका. टवक्याच्या बाबतीत तो कुठे आहे हेच सगळं काही. कोपऱ्याजवळ, वरच्या काठाला, बाहेरच्या धारेवरचा शिंपल्यासारखा गुळगुळीत उडालेला टवका बहुधा निरुपद्रवी. तिथे काच फारशी वाकत नाही. तोच टवका लांब काचेच्या वरच्या काठाच्या मध्यावर असेल, तर ती काठाची सर्वात जास्त फुगणारी जागा. वर आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्या हेच फुगणं रोखायला. एखादी पट्टी निघालेली दिसली आणि मालक म्हणाला, “झाकण बसत नव्हतं म्हणून काढली,” तर समजा, टँकचा कमरपट्टाच सुटलाय. आणि टवका दोन काचांच्या सांध्यात शिरला असेल, तर तिथे सिलिकोनला धरायला काचच उरलेली नाही.

टवक्यावर तिरपा उजेड पाडून बघा. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून धरला की टवक्याच्या आतून निघालेली केसासारखी रेघ चमकते. अशी रेघ दिसली की तो टवका राहत नाही, तो तडा होतो. आणि तड्याबद्दल चर्चा करायची नाही. वरून सिलिकोन फासलं, काचेची पट्टी चिकटवली, पारदर्शक टेप लावली, तरी आत टोकाशी चाललेलं काम थांबत नाही. फक्त ते आपल्याला दिसेनासं होतं.

सिलिकोनबद्दल मात्र मला ममत्व आहे. पूर्वी फिश टँक म्हणजे लोखंडी चौकट, त्यात लांबीने बसवलेल्या काचा, गंज आणि गळती. चौकटीशिवायचे, नुसत्या काचा एकमेकींना चिकटवलेले टँक सिलिकोनमुळे शक्य झाले. त्याचाही कणा काचेसारखाच, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन. फक्त त्याची जाळी घट्ट नाही, लांब लवचिक साखळ्या आहेत. ट्यूबमधून निघालेलं सिलिकोन हवेतली वाफ घेऊन सुकतं, तेव्हा ते काचेच्या पृष्ठभागाशी त्याच जातीचे बंध जोडतं. सुकताना व्हिनेगरचा आंबूस वास येतो तो खरोखरच ॲसिटिक आम्लाचा. पाणी जो बंध तड्याच्या टोकाशी तोडतं, तोच बंध सांध्यात सगळा टँक धरून ठेवतो.

आणि याच गुणात त्याची खोड आहे. सिलिकोन काचेला धरतं, पण सुकलेल्या जुन्या सिलिकोनला नवं सिलिकोन धरत नाही. गळणाऱ्या कोपऱ्यावर नुसतं नवं सिलिकोन भरलं की ते बोटाने ओढल्यावर पट्टीसारखं निघून येतं. दुरुस्ती करायची तर आतलं जुनं सिलिकोन ब्लेडने पार खरवडून, काच कोरडी ठाक करून, चारी कोपऱ्यांत नव्याने भरायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. बाथरूमसाठी मिळणारं, बुरशी न येणारं सिलिकोन वापरू नका. त्यातलं बुरशीनाशक माशांनाही सोडत नाही.

मात्र आत कोपऱ्यात दिसतं ते सिलिकोन म्हणजे वरचं लिंपण. खरा भार पेलतो तो दोन काचांच्या मधला पातळ थर. तो बाहेरून, काचेच्या जाडीतून बघावा लागतो. एकसंध, बिनफुग्यांचा दिसला तर उत्तम. त्यात चंदेरी चकाकणारे भाग दिसले तर तिथे सिलिकोन काचेपासून सुटून मध्ये हवा शिरली आहे. हा थर नव्याने भरायचा म्हणजे टँक पूर्ण सुटा करून पुन्हा जोडायचा. सवय असलेल्या माणसाचंच ते काम.

जुना टँक आपला इतिहास लपवत नाही. आतल्या काचेवर क्षारांची पांढरी रेघ असते. तिच्यावरून कळतं, मालक पाणी कुठवर भरत होता. रेघ निम्म्यावरच असेल तर ‘सहा वर्षं’ ही निम्म्या उंचीची, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या जोराची वर्षं. आणि बाहेरच्या बाजूला, खालच्या सांध्यावर, दोऱ्याएवढा पांढरा खडबडीत ओघळ दिसला तर तो नखाने खरवडून बघा. तिथून पाणी पाझरत होतं. थेंब पडण्याआधीच ते वाळायचं आणि क्षार मागे राहायचे. “थेंब गळला नाही” हे अक्षरशः खरं, तरी टँक गळत होता.

काच टफन्ड आहे का, हेही बघून ठेवा. तिचे पृष्ठभाग मुद्दाम दाबाखाली ठेवलेले असतात, म्हणून ती मजबूत. पण चरा त्या दाबाच्या थरापलीकडे गेला की तडा कुठे जायचं याचा विचार करत बसत नाही, सगळी काच एकदम दाणेदार चुरा होते. ओळखायची युक्ती सोपी आहे: काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. टफन्ड काचेत ढगांसारखे पट्टे किंवा ठिपके उमटतात. काचेतला ताण असा उजेडातून दिसतो, हे डेव्हिड ब्रूस्टरने दोनशे वर्षांपूर्वीच शोधलं होतं.

एवढ्याशा टँकची ही चौकशी कुणाला अती वाटेल. बर्लिनच्या एका हॉटेलातला ‘ॲक्वाडोम’ हा ॲक्रिलिकचा उभा दंडगोल १६ डिसेंबर २०२२च्या पहाटे फुटला. सुमारे दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजारांच्या आसपास मासे रस्त्यापर्यंत वाहत गेले. वेळ पहाटेची होती म्हणून दोघं जखमी होण्यावर भागलं. नंतर तज्ज्ञांनी तुकडे जुळवून पाहिले, पण एकच एक कारण सांगता आलं नाही. शक्यता मांडल्या त्या तीन: चिकटवलेला सांधा सुटला असावा, डागडुजीच्या वेळी तळाशी एखादी खाच पडली असावी, किंवा तेव्हाच रिकामा राहून ॲक्रिलिक वाळलं असावं. सांधा, खाच आणि रिकामं पडून राहणं. तिथे काच नव्हती, ॲक्रिलिक होतं, तरी गच्चीवर वर्षभर पडलेल्या जुन्या टँककडे बघताना हे तिन्ही शब्द आठवावेत.

आता परीक्षा. टँक घरात चढवण्याआधी अंगणात किंवा तळमजल्यावर, सपाट आणि पाणसळ लावून तपासलेल्या स्टँडवर ठेवा. तळाची काच पूर्ण टेकत असेल तर खाली थर्माकोल घाला. तिथे राहिलेला वाळूचा एक खडासुद्धा तळाच्या काचेला एका टोकावर उचलून धरतो. थर्माकोलखाली वर्तमानपत्र पसरा, ओलावा कागदावर लगेच उमटतो. पाणी टप्प्याटप्प्याने भरा, मध्ये थांबा, कोरड्या टिश्यूने सगळे सांधे बाहेरून पुसत राहा. काठोकाठ भरल्यावर समोरच्या काचेच्या वरच्या काठाला दोरा ताणून धरा आणि मध्यावर किती फुगवटा आहे ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. काच जेवढी फुगायची तेवढी पाणी भरताक्षणीच फुगते, नंतर नाही. दुसऱ्या दिवशी फुगवटा वाढला असेल तर काच नाही, सांधा किंवा पट्टी सरकते आहे. टँक तिथेच रिकामा करा. आठवडाभर सगळं जागच्या जागी राहिलं तर पुढचा विचार. आणि पाणी आत असताना, थोडंसं असलं तरी, टँक कधीही उचलायचा नाही. चौघांनी उचललेल्या टँकचे चार कोपरे कधीच एका पातळीत नसतात.

माझा निकाल असा: आतले ओरखडे असलेला, गुळगुळीत टवक्याचा, सांधे घट्ट असलेला टँक भाव पाडून जरूर घ्या आणि चार बोटं कमी भरा. सुटलेल्या सिलिकोनचा टँक दुरुस्तीचा वेळ असेल तरच. बाहेरच्या काचेवर मध्यभागी नख अडकणारा चरा असेल तर ती काच बदलण्याचा खर्च धरूनच सौदा करा. तडा असेल तर फुकट मिळाला तरी पाण्यासाठी घेऊ नका. कडांना जाड टेप लावून त्यात माती घाला आणि नेचे लावा, ते छान वाढतात.